स्थलारूढ

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजधर्माचे विवेचन चालू असता, रणांगणावर कोणाकोणावर शस्त्र चालवू नये याची एक यादी आली आहे. हात जोडून उभा राहिलेला, शरण आलेला, झोपलेला, निःशस्त्र, युद्धात न पडता नुसता पाहत राहिलेला, अशी आपल्या ओळखीची माणसे तीत आहेतच. परंतु या सर्वांच्या आधी, यादीच्या अगदी तोंडाशी, ‘स्थलारूढ’ हा शब्द येतो, आणि टीकाकार त्याचा अर्थ असा लावतात की, जो स्वतः रथात आहे त्याने भुईवर उभ्या असलेल्या माणसास मारू नये. ज्या ग्रंथाने माणसामाणसांत उंचनीचतेच्या पायऱ्या बांधल्या, आणि त्याबद्दल 1927 साली महाडास ज्याची होळी झाली, त्याच ग्रंथाने रणात मात्र उंचीचा लाभ नाकारावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पण रथाची उंची ती किती? फार तर कमरेइतकी. तेवढ्या अंतरासाठी त्या माणसास निद्रिस्ताच्या आणि शरणागताच्या पंक्तीस का बसवावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस केवळ क्षात्रशिष्टाचाराचा वाटत असे. तो तसा नाही हे गुजरानवाल्याची हकीकत वाचताना ध्यानात आले.

जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 14 एप्रिल 1919 रोजी, गुजरानवाला शहरात दंगल उसळली, आणि तिच्या बंदोबस्तासाठी लाहोराहून विमाने धाडण्यात येऊन शहरावर व आसपासच्या खेड्यांवर बॉम्ब व मशिनगनच्या गोळ्या पडल्या. पुढे या प्रकारांची चौकशी करणाऱ्या हंटर कमिटीपुढे, जिच्या सभासदांत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते, कॅप्टन कारबेरी या वैमानिकाची जबानी झाली. दोषी आणि निर्दोष यांतील भेद तुम्ही कसा केलात, असे विचारले असता त्याने जे सांगितले त्याचा आशय असा की, आपण दोनशे फुटांवर होतो, तेथून सारे स्वच्छ दिसत होते, आणि निरपराध असा मनुष्य त्या गावात आपणास दिसला नाही. हा मनुष्य खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्याला खरोखरच तसे दिसले असावे, आणि भयंकर आहे ते हेच. कारण निरपराधीपणा ही दोनशे फुटांवरून दिसणारी वस्तूच नव्हे. ती चेहऱ्यावर, बोलण्यात, शेजाऱ्याच्या साक्षीत दिसते, आणि तिच्या शोधासाठी मनुष्यास मनुष्याच्या पातळीवर यावे लागते.

दोन राजांच्या सैन्यांत लढाई जुंपते तेव्हा शत्रू कोण हे निशाण आणि पोशाख सांगतात. तेथे दुरून मारलेला बाणही एकपरी डोळस असतो. बंडाची गोष्ट अगदी निराळी. बंडखोर दिवसा नांगर धरतो आणि रात्री बंदूक. गाव त्याला भाकर देते, कधी प्रेमाने, कधी धाकाने, आणि बहुधा दोन्हींच्या मिश्रणाने. महाराष्ट्रातील वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. औरंगजेब दक्षिणेत पंचवीस वर्षे मुक्काम ठोकून होता, त्या काळात गडांवर दाणागोटा पोचविणाऱ्या खेड्यांत निरपराध कोण होते, असे आलमगिराच्या एखाद्या सरदारास आकाशातून पाहून ठरवावयास सांगितले असते तर त्याचे उत्तर कारबेरीच्या उत्तराहून निराळे आले नसते. बंड मोडणे याचा अर्थच मुळी निवड करणे असा आहे. आणि हीच निवडीची शक्ती उंचीमुळे प्रथम नाहीशी होते.

याचा सोयीस्कर बाजूने विचार इंग्रजांनी फार लवकर केला. 1920 साली इराकात मोठे बंड झाले, ते मोडताना फौजेवर पैशाची धूळधाण झाली, आणि मग 1921 सालच्या कैरो परिषदेत असे ठरले की त्या मुलखाचा बंदोबस्त मुख्यतः विमानदलाकडे सोपवावा. ऑक्टोबर 1922 पासून तो अंमल सुरू झाला. मुख्य कारण किफायतीचे होते, आणि नीतीचे कारण, जसे नेहमी होते, मागाहून जोडले गेले. वजिरिस्तानात 1925 साली विंग कमांडर पिंक याने मार्च ते मे केवळ विमानांनी महसूद टोळ्यांशी युद्ध केले, त्यात इंग्रजांची अवघी दोन माणसे कामास आली. आधी पत्रके टाकून इतला दिली जाते, लोक बाहेर पडतात, मरतात ती घरे आणि गुरे, असे या पद्धतीचे समर्थन असे. आणि तोफखान्यासह चालून जाणाऱ्या फौजेपेक्षा ती पुष्कळदा कमी रक्त सांडी, हेही मी नाकबूल करीत नाही. परंतु पत्रकाने प्रश्न सुटत नाही, तो फक्त उलटा होतो: निर्दोष कोण हे शोधण्याचे ओझे राज्यकर्त्याच्या शिरावरून उतरून, आपले घर सोडून रानात जाण्याच्या रूपाने, त्या निर्दोष माणसाच्याच शिरावर येते. 1933 साली जिनीव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत आकाशातून बॉम्ब टाकण्यावर बंदीचा विचार चालला असता, दूरच्या मुलखांतील पोलिसी कामापुरती सवलत ठेवावी असा आग्रह इंग्रज सरकारने धरला. यावरून ती पद्धत त्यांना किती सोयीची वाटत होती हे दिसते.

प्राचीन काळी आमच्यापाशी विमाने होती असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी वनपर्वातील सौभाची कथा एकदा स्वस्थपणे वाचावी. आकाशात फिरणारे ते नगर कृष्णाचे नसून त्याचा शत्रू शाल्व याचे आहे, आणि कथा सांगणारा कृष्ण भुईवर आहे: ते कोसभर उंच होते, आपल्या सैन्याचे तेथे काही चालेना, असे तो पांडवांना सांगतो. उद्योगपर्वात तर प्रश्न याहून स्पष्टपणे येतो. पांडवसेना किती दिवसांत संपवाल याची भीष्मद्रोणांपासून कर्णापर्यंत प्रत्येकाने आपापली मुदत सांगितली आहे. ती ऐकून युधिष्ठिर अर्जुनास विचारतो, तेव्हा आपल्यापाशी निमिषात सर्वनाश करणारे अस्त्र आहे असे सांगून अर्जुन लगेच पुढे म्हणतो की दिव्यास्त्रांनी सामान्य जनांना मारणे युक्त नव्हे, आपण सरळ युद्धानेच जिंकू. सामर्थ्य नाही म्हणून संयम करणारे पुष्कळ. येथे संयमाचे कारण समोरच्या माणसाचे सामान्यपण हे आहे.

आणि तरीही हा निवाडा इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. मार्च 1966 च्या आरंभी मिझो नॅशनल फ्रंटने स्वातंत्र्य पुकारले, ऐझॉलमधील आसाम रायफल्सचे ठाणे वेढले गेले, मदत घेऊन आलेल्या हेलिकॉप्टरांना गोळीबारामुळे उतरता येईना, आणि 5 मार्च रोजी स्वतंत्र भारताच्या विमानांनी भारताच्याच त्या गावावर मारा केला. संरक्षणमंत्री त्या वेळी आमचे यशवंतराव चव्हाण होते. वेढ्यातील शिपाईही कोणाची तरी मुले होती. त्यांना वाऱ्यावर सोडावे असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि त्या खुर्चीत बसलेल्याने काय करावयास हवे होते हे मी सांगू शकत नाही. मात्र ठाणे सोडविण्यासाठी केलेला मारा आणि जळालेली पेठ यांत भेद आहे, आणि तो भेद ढगातून करता येत नाही, एवढे म्हणता येते. सरकारने ती गोष्ट कितीतरी काळ उघडपणे मान्य केली नाही. फ्रंटचे पुढारी लालडेंगा यांच्याशी करार झाला तो वीस वर्षांनी, 30 जून 1986 रोजी, मेजाशी समोरासमोर बसून.

इराकातील विमानदलात लायनेल चार्लटन नावाचा एक वरिष्ठ अधिकारी होता. आपल्याच दलाच्या बॉम्बांनी जखमी झालेली माणसे दिवानियाच्या रुग्णालयात ठेवली होती, तेथे एके दिवशी तो गेला, आणि त्या खाटांमधून हिंडून आल्यावर, हे धोरण आपल्याच्याने चालविले जाणार नाही असे म्हणून त्याने त्या पदावरून मुक्त करण्याची विनंती केली. आकडे आणि अहवाल त्याच्या मेजावर आधीपासून येतच होते.