पाहुण्यासमोर खरे बोलावे का?



घरी पाहुणा आला की आपण फाटकी चादर आत ठेवतो आणि धुतलेली अंथरतो. याला कोणी खोटेपणा म्हणणार नाही. पण पाहुणा राज्यकर्ता असेल आणि आपली फाटकी चादर पाहणे हेच त्याचे काम असेल, तर?

गोव्याचे रॉक गायक रेमो फर्नांडिस यांच्यापुढे 1980 च्या दशकात हा प्रश्न उभा राहिला. शिवोलीच्या घरीच गाणी ध्वनिमुद्रित करून 1984 साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट त्यांनी काढली होती. पुढे पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या सरकारी समारंभात गाण्याचे रेमोंना बोलावणे आले. त्यांनी इंग्रजीत नवे गाणे रचले. त्यात पाहुण्याचे स्वागत होते, आणि त्याच दमात गोव्याची खरी दुखणीही त्यांच्या कानावर घातली होती.

स्थानिक वृत्तपत्रांतून टीका झाली की हा पाहुण्याचा अपमान आहे. रेमोंनी ती कात्रणे आणि गाण्याचे शब्द थेट पंतप्रधानांना पाठवले. त्यांचे उत्तर आले: आम्हा उभयतांना कार्यक्रम आवडला, त्यात गैर काही वाटले नाही. ज्यांना गाणे ऐकवले ते रागावले नाहीत. रागावले ते भोवतालचे. हे नेहमीचेच!

तरी टीकाकारांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. यजमानाने मानाने बोलावले आणि गायकाने मानाच्या ताटात तक्रार वाढली, हे बरे का? मला वाटते, सरकारी समारंभाचा खर्च जनतेचा, म्हणून तिथे खरी यजमानही जनताच. तिचे दुखणे सांगणारा यजमानाशी बेइमान कसा ठरेल? शिवाय रेमो तोंडावर बोलले, जिथे समोरच्याला ऐकता येते, उत्तर देता येते. बायबलमधील नाथान संदेष्टाही दावीद राजाचे पाप सांगायला राजासमोरच जाऊन उभा राहिला.

आपल्याकडे काय होते? साहेब येणार म्हटले की रातोरात खड्डे बुजतात आणि शाळेची मुले स्वागतगीत घेऊन उन्हात उभी राहतात. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, बुलढाण्यासह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. असा आकडा योग्य जागी पोहोचायचा, तर कापसाला काय भाव मिळाला आणि सावकाराचे किती देणे उरले, हे कोणीतरी समोर सांगावे लागते. आपण हार घालतो आणि गाडी वळली की पानटपरीवर शिव्या देतो. त्या शिव्यांनी कोणाचे कर्ज फिटल्याचे ऐकिवात नाही.

राजीव गांधींचे उत्तर आलेच नसते, किंवा रागाचे आले असते, तर ते गाणे चुकीचे ठरले असते का? मला तसे वाटत नाही. स्टेजवर उभे राहताना रेमोंना ते उत्तर ठाऊक नव्हते.