बांधावरचा अकीक

उन्हाळ्यात रान मोकळे झाले, की बेंबळीच्या शिवारात मुलांना घेऊन अकीक आणि यशब शोधायला जायचे आम्ही योजले आहे. लाव्हा निवताना काळ्या पाषाणात राहिलेल्या पोकळ्यांत गारेचे थर साचून अकीक होतो. पाषाण झिजतो, हा टिकतो आणि नांगराला अडतो. शेतकरी वैतागून तो बांधावर फेकतो. विचारले तर म्हणेल, "न्या की मास्तर, तेवढंच रान साफ होईल!"

एवढी इजाजत पुरेशी आहे का? हा दगड लुकता, म्हणजे कुणाची हरवलेली वस्तू नव्हे. पण रानाला मालक आहे. गिऱ्हाइकापासून मालाचा ऐब लपविणे आपल्याकडे जायज नाही. मग देणाऱ्यापासून वस्तूचा गुण लपविणे कसे चालेल? बहुतेक खड्यांना बाजारात फारसा भाव येत नाही, हेही खरे. तरी पिशवी भरण्याआधी आम्ही खडा ओला करून त्याला त्यातले पट्टे दाखवू, नाव सांगू. मग तो म्हणेल तसे.