एरर आला नाही, म्हणून?

तुझी पीडीएफ उघडून पाहिली. रंग झकास आहेत. खाली तुझं नाव, विभाग, तारीख, सगळं ठळक अक्षरात. आता एकच सांग. डावीकडचा एवढा मोठा पट्टा धूसर का? तू म्हणालास, "सर, तिकडे भूरचना गुंतागुंतीची आहे." अरे, कुणाला सांगतोयस हे? मार्मूजी हे संगणकावर बनवलेलं मॉडेल, त्याचा डावा भाग त्यातल्या त्यात सरळ, हलक्या उताराच्या थरांचा. भ्रंशांचा सगळा गोंधळ मधे आहे. मॉडेलचं चित्र तुझ्याच प्रबंधाच्या सुरुवातीला चिकटवलेलं आहे. स्वतः चिकटवलेलं चित्र पाहायला तुला वेगळा चष्मा लागतो का?

मग मी विचारलं, तपासलंस का? त्यावर उत्तर काय, तर "प्रोग्राम नीट चालला, एकही एरर आला नाही."

एरर आला नाही, म्हणून? एसयू, म्हणजे सिस्मिक युनिक्स, काय तुझा पर्यवेक्षक आहे, चुकलास तर कान धरायला? स्टॅनफर्डमधे आयनार क्यार्तानसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची सुरुवात केली, कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधे शुकी रोनेन आणि जॅक कोहेन यांनी त्याला आजचं रूप दिलं, जॉन स्टॉकवेल यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि १९९२ पासून ते इंटरनेटवर सोर्स कोडसकट फुकट मिळतंय. कुणाच्या तरी आयुष्याची वर्षं त्यात गेली आहेत. का? तर तुझ्यासारख्याला प्रत्येक पायरी उघडी दिसावी म्हणून. एका प्रोग्रामचं एकच काम, त्याचं आउटपुट पुढच्याचं इनपुट. कुठेही थांबावं, पाहावं, पुढे जावं. आणि तू काय केलंस? पहिल्या प्रोग्रामपासून शेवटच्यापर्यंत एका दमात पळवलंस आणि मधे एकदाही डोळे उघडले नाहीस.

स्क्रिप्ट कुणाची? तुझी नाही, हे मला पहिल्या ओळीतच कळलं. तुझ्या आधीच्या बॅचच्या मुलाची. त्याने ती कुणाकडून घेतली ते त्यालाही आठवत नसेल. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं तर निदान बीळ किती खोल आहे ते तरी बघ. त्या मुलाचा डेटा वेगळा होता. त्याचे शॉट ३,००० मीटरवर सुरू होत, म्हणून त्याने प्रवासकाळाचं टेबल ३,००० पासून मांडलं. तुझेही शॉट ३,००० वरच सुरू होतात, म्हणून तुला वाटलं जमलं. पण रिसीव्हर? मार्मूजीत जहाजामागची केबल डावीकडे पसरलेली आहे. सगळ्यात जवळचा रिसीव्हर शॉटपासून २०० मीटरवर, सगळ्यात लांबचा २,५७५ वर. म्हणजे पहिल्या शॉटचा शेवटचा रिसीव्हर कुठे? ३,००० वजा २,५७५. कर वजाबाकी. ४२५. आणि तुझं टेबल सुरू कुठे होतं? ३,००० वर.

आता मायग्रेशन करणारा सुकेडीमिग२डी काय करतो ऐक, कारण तू ते वाचलेलं नाहीस. ज्या ट्रेसचा शॉट किंवा रिसीव्हर टेबलाच्या बाहेर पडतो, ती ट्रेस तो गुपचूप बाजूला ठेवतो. भांडत नाही, थांबत नाही. सगळं संपल्यावर किती ट्रेस मायग्रेट झाल्या ते एका ओळीत सांगतो. ती ओळ तुझ्या स्क्रीनवर आली होती. तू वाचली नाहीस. मार्मूजीत २४० शॉट, प्रत्येकी ९६ ट्रेस, म्हणजे एकूण २३,०४०. त्यातल्या ३,००० च्या डावीकडे रिसीव्हर असलेल्या किती? मी कागदावर मोजल्या. ५,३२८. जवळजवळ पाव डेटा तू कचऱ्यात टाकलास आणि वर भूरचनेवर खापर फोडलंस! ती बिचारी भूरचना संगणकात तयार केलेली आहे. ती तरी काय उत्तर देणार?

आणि हे कळायला किती वेळ लागला असता? एसयूमधलं सुरेंज फाईलवर चालवायचं. एवढंच. हेडरमधल्या प्रत्येक रकान्याची लहानात लहान आणि मोठ्यात मोठी किंमत समोर येते. शॉट ३,००० ते ८,९७५. रिसीव्हर ४२५ ते ८,७७५. दोन ओळी. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. "हेडर बघायला वेळ नव्हता" म्हणतोस? रंगपट्टी सात वेळा बदलायला होता की!

बरं, फाईलचा आकार तरी पाहिलास का? प्रत्येक ट्रेसला २४० बाइटचं हेडर, मागे ७२५ नमुने, प्रत्येकी ४ बाइट. म्हणजे ३,१४० बाइट. गुणिले २३,०४०. उत्तर ७,२३,४५,६०० आलं पाहिजे. एक बाइट कमी नाही, एक जास्त नाही. वेगाच्या फाईलला तर हेडरच नसतं. नुसते आकडे, एकापाठोपाठ एक. कुठला अक्ष आधी धावतो, खोलीचा की आडवा, हे तुला माहीत असलं पाहिजे, फाईल सांगणार नाही. ४ मीटरच्या जाळीवर २,३०१ गुणिले ७५१. उलटं दिलंस तरी आकार तेवढाच भरतो आणि प्रवासकाळाचं टेबल काढणारा रेटी२डी मुकाट्याने उलटा डोंगर वाचून घेतो.

मॅन्युअल मिळत नाही ही तुझी पुढची सबब. प्रोग्रामचं नुसतं नाव टाइप कर, पुढे काहीही न लिहिता एंटर दाब. सगळं बाहेर पडतं. कुठला पॅरामीटर, काय अर्थ, न दिल्यास काय धरलं जाईल. ते वाचलं असतंस तर एनऑफ नावाची ओळ दिसली असती: ऑफसेटचे, म्हणजे शॉट-रिसीव्हर अंतराचे, किती डबे करायचे. ती दिली नाही तर काय धरतात? एक. म्हणजे २०० मीटर ऑफसेटची ट्रेस आणि २,५७५ मीटरची ट्रेस, दोन्ही एकाच डब्यात. बेरीज होऊन एकच प्रतिमा. दिसायला भरगच्च. आणि त्याबरोबर तुझ्या हातातली एकमेव कसोटी गेली.

इथे जरा थांबतो, कारण खरा राग इथला आहे.

खोलीचं मायग्रेशन म्हणजे काय, हे तुला मी शिकवायचं? वेळेच्या अक्षावरची प्रतिमा आणि खोलीच्या अक्षावरची प्रतिमा यांत फरक कशाचा? वेगाचा. खोली तू मोजत नाहीस. तू वेळ मोजतोस आणि वेग गृहीत धरतोस. जाऊन-येऊन एक सेकंद लागला, वेग २,५०० धरला, तर परावर्तक १,२५० मीटरवर. वेगात दहा टक्के चुकलास, २,७५० धरलास, तर तो १,३७५ वर जाऊन बसतो. सव्वाशे मीटर! आणि सव्वाशे मीटरची ही चूक प्रतिमेत तांबडी होऊन चमकत नाही. ती तितकीच सुबक दिसते. म्हणून तर ऑफसेटवार वेगवेगळ्या प्रतिमा काढायच्या, मग एका जागेच्या सगळ्या ऑफसेट शेजारी शेजारी ठेवून गॅदर करायचा आणि पाहायचं: परावर्तनाची रेघ सपाट आहे का? जमीन तर एकच आहे. जवळून पाहा नाहीतर लांबून, थर त्याच खोलीवर दिसायला हवा. वेग कमी धरला असशील तर लांबच्या ऑफसेटला रेघ वर वळेल, जास्त धरला असशील तर खाली. डेटा स्वतःहून सांगत असतो, तू कुठे चुकलास ते. तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास. एनऑफ बरोबर एक. आणि हे तुला माहीत होतं! तोंडी परीक्षेत हीच गोष्ट तू फळ्यावर आकृती काढून समजावली होतीस. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली होती. मग हातात की-बोर्ड आला की अक्कल कुठे गहाण पडते?

"वेग गुळगुळीत केल्याशिवाय किरण नीट जात नाहीत" हेही तू ऐकवलंस मला. खरं आहे. रेटी२डी किरणांवर चालतो, त्याला धारदार कडा पचत नाहीत. म्हणून स्मूथ२ वापरायचं. पण किती? तुझ्या मॉडेलमधे भ्रंशच उरले नाहीत. १,५०० पासून ५,५०० पर्यंत जाणारा वेग, त्याचं तू खिमट केलंस. मुळात तो आकडा स्क्रिप्टमधे होता, तू तसाच राहू दिलास. थोडं कमी करून पाहिलंस का? थोडं वाढवून? दोन्हीकडचे प्रवासकाळ शेजारी ठेवून पाहिलेस? नाही. का नाही? "आधीच्याने तेवढंच ठेवलं होतं."

डीएक्सएमचंही तेच. मध्यबिंदूंमधलं अंतर. स्क्रिप्टमधे १२.५ आहे. तुझ्या एका ऑफसेटच्या मध्यबिंदूंमधे २५ मीटर आहेत, कारण शॉटच २५ मीटरवर आहेत. २,००० चा वेग, ३० अंशांचा उतार, २५ मीटरचं अंतर: ४० हर्ट्झच्या वर एलियासिंग सुरू. सूत्र तुझ्या वहीत आहे. तू प्रोग्रामला खोटं सांगितलंस की ठिपके दुप्पट दाट आहेत, त्याने विश्वास ठेवला आणि खोट्या तिरप्या रेघा आत येऊ दिल्या. त्यांना तू प्रबंधात "सूक्ष्म भ्रंश" म्हटलंस. पान एकेचाळीस. मी तांबड्या शाईने गोल केलाय, शोधायचे कष्ट नकोत.

आणि डेटा खराब आहे म्हणू नकोस, ते तर अजिबात नको. हा डेटा फ्रेंच पेट्रोलियम संस्थेने १९८८ मधे संगणकावर बनवला. अंगोलाच्या क्वांझा खोऱ्यातल्या रचनेवरून मॉडेल उभं केलं, १९९० मधे कोपनहेगनला जगभरच्या गटांसमोर ठेवलं. तिथे कुणाला उत्तर माहीत नव्हतं. तुला आहे. वेग माहीत, खोली माहीत, शॉट कुठे आणि रिसीव्हर कुठे तेही माहीत. उत्तरपत्रिका समोर ठेवून पेपर दिलास आणि तरी नापास होतोयस. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायलाही इथे अंगण उरलेलं नाही.

उद्या तू नोकरीला लागशील. कुणीतरी कच्छ-सौराष्ट्राचा डेटा हातात देईल, म्हणेल दख्खनच्या बेसाल्टखालचे मध्यजीव काळातले थर दाखव. वर बेसाल्टचं जाड, वेगवान पांघरूण, खाली कमी वेगाचा गाळ. ऊर्जा वरच विखुरते, वरच परतते. तिथे उत्तरपत्रिका नसेल. तिथे तू काय दाखवणार? रंगपट्टी?

तुझ्या फोल्डरकडेही एकदा बघ. फायनल. फायनल२. फायनल_नवा. फायनल_सर. यातलं पान एकेचाळीसवरचं चित्र कुठल्या आदेशाने तयार झालं? सांग. स्मूथ२ आधी चालवलास की जाळी बदलून मग? आठवत नाही ना? कमांड लाइन जुनाट वाटते, बटणांचं सॉफ्टवेअर हवं म्हणून तू कुरकुरतोस. अरे, प्रत्येक पाऊल लिहून ठेवता येतं, ही या जुनाट गोष्टीची एकमेव श्रीमंती. स्टॅनफर्डचे जॉन क्लेअरबाउट १९९० च्या आसपास विद्यार्थ्यांच्या मागे लागले होते की प्रबंधातलं प्रत्येक चित्र एका आदेशासरशी पुन्हा उभं राहिलं पाहिजे. तू चित्र ठेवलंस, आदेश पुसलास. महाराज, याला संशोधन म्हणत नाहीत, याला पाट्या टाकणं म्हणतात.

मठ्ठ मुलावर मी एवढा वेळ घालवत नाही. त्याला सांगतो, बाबा रे, दुसरं काहीतरी बघ. तुझ्यावर घालवतोय, कारण किर्खॉफचं समाकल न अडखळता मांडणारा या वर्गात तू एकटा आहेस. म्हणून माफी नाही.

गुरुवारी सकाळी ये. पीडीएफ नको. सुरेंजचं आउटपुट कागदावर. रेटी२डीचं टेबल ४२५ च्या अलीकडे सुरू करून ८,९७५ च्या पलीकडे संपव, आणि किती ट्रेस मायग्रेट झाल्या तो आकडा मला दाराशीच सांग. २३,०४० नसेल तर आत येऊ नकोस. मग तीन जागांचे गॅदर, ऑफसेटवार, करड्या रंगात: एक डावीकडचा, एक भ्रंशांच्या मधला, एक उजवीकडचा. मधला सपाट येणार नाही, मला माहीत आहे. का येत नाही, ते तू मला सांगायचंस. स्क्रिप्ट नव्याने लिही, पहिल्या ओळीपासून, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिही. त्या आधीच्या मुलाची फाईल आधी डिलीट कर. माझ्यासमोर नको, आत्ताच.