आम्ही जुने साधक!

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



नोव्हेंबर २०१९, कोलकात्यात गुलाबी चेंडूची कसोटी. हर्षा भोगले समालोचनात म्हणाले, चेंडू दिसतो का ते खेळाडूंना विचारायला हवं. संजय मांजरेकरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, तुम्हाला विचारावं लागतं, आम्ही खेळलोय. पुढे त्यांनी स्वतःच ही चूक कबूल केली.

आपण हुबळी-धारवाडची मंडळी तरी कुठे वेगळी? "आम्ही जुने साधक" म्हणत नव्याला गप्प करतो, सेवेचे फोटो लगेच स्टेटसला लावतो. अनुभव ही गुरुकृपा. दुसऱ्याला लहान करण्यासाठी ती मिळालेली नाही. चूक कबूल केल्याने नाव जात नाही.

या गुरुवारी, ज्याला आपण दुखावलं त्याला स्वतःहून फोन करूया. आणि त्याचं स्टेटस नको!

॥ गुरुमाउली की जय ॥