वाया जाऊ नये म्हणून

मामांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स उतरवला, ते बरं केलं. सुतळी मात्र अजून विजेच्या खांबाला लोंबकळते आहे. प्रकरण आमच्या विश्रामबागेतल्या शाळकरी पोरांनाही एव्हाना पाठ झालंय, त्यामुळे थोडक्यात सांगतो. पळणाऱ्यांच्या क्लबातले मामा इचलकरंजीत लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत होते आणि त्याच वेळी त्यांच्या नावावर २१ किलोमीटर पळून ५५ वर्षांपुढच्या गटात दुसरा नंबर येत होता. पळाला भाचा. वय वर्षं २९.

मला भाच्याचा राग नाही, मामांचाही फारसा नाही. राग आला तो क्लबातल्या जाणत्या माणसांचा. नेमिनाथनगरात सकाळी फेऱ्या मारताना (मी चालतो, गुडघ्यांनी पळण्याची परवानगी केव्हाच काढून घेतली) चौघांना गाठून विचारलं. चौघांचं उत्तर एकच : ‘‘फी भरलेली होती की ओ. वाया घालवायची काय?’’

वाया घालवू नये, हा आपला घरोघरचा धर्म आहे आणि मला त्याचा आदर आहे. हे सदरसुद्धा मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहितो. पण हाच न्याय जरा पुढे नेऊ. मिरजेत दादांचं ऑपरेशन ठरलंय, डिपॉझिट भरलंय आणि आदल्या रात्री दादांचं पोट दुखायचं थांबलं. डिपॉझिट वाया कशाला? धाकट्याला झोपवा टेबलावर. अपेंडिक्स त्यालाही आहेच. काकू मतदानाला पुण्याहून येऊ शकल्या नाहीत, मत वाया जाऊ नये म्हणून पुतणी देऊन आली. शेजारच्या पोराने स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरला आणि त्याला कावीळ झाली. फी वाया जाऊ नये म्हणून मित्र जाऊन बसला. या मित्राला आपण डमी म्हणतो. पोलीस त्याला गाडीत घालतात आणि आपण चहा पिता पिता ‘काय दिवस आलेत’ म्हणतो. रस्त्यावर पळणाऱ्या डमीला मात्र मेडल, केळं आणि गरम उप्पीट.

बरं, वाचलं काय? मामांनी भरलेले पैसे मामांना परत मिळाले? नाही. भाच्याने दिले? विचारलं तर मामा नुसते हसले. म्हणजे पैसे जायचे ते नोंदणीच्या दिवशीच गेले होते. वाचली ती फक्त हळहळ, आणि तेवढी हळहळ सोसायची आपली तयारी नाही.

मामांचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, मी हातात घेऊन पाहिला. न फाटणारा कागद, मागे चिपची पट्टी, चार कोपऱ्यांना पिनांची भोकं. पाठीमागे रिकाम्या ओळी असतात : नाव, वय, रक्तगट, घरच्यांचा फोन. मामा शिस्तीचे. निळ्या पेनाने सगळं भरलेलं, शेवटी मामींचा नंबर. भाचा पंधराव्या किलोमीटरला चक्कर येऊन पडला असता, तर फोन मामींना गेला असता, ‘तुमचे मिस्टर बेशुद्ध आहेत’ म्हणून. आणि मिस्टर समोर जिलबीचं ताट घेऊन उभे. डॉक्टर रक्तगट पुन्हा तपासतात हे मला माहीत आहे. पण ५७ वर्षांचा रुग्ण म्हणून लिहिलेला पोरगा समोर आला, की त्यांची पहिली पाच मिनिटं कागद खरा की माणूस खरा, यातच जाणार.

बाकीची कारणं किरकोळ आहेत. ‘सगळेच करतात.’ करत असतील. ‘बक्षीस परत केलं ना?’ केलं. पण चौथा आलेला माणूस नाव पुकारलं नाही म्हणून केव्हाच एसटी धरून गावी गेला होता. १९८० साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ बहुतेक शर्यत न पळताच बायकांत पहिली आली. आठ दिवसांनी तिचं नाव काढून कॅनडाच्या जॅकलीन गॅरोला विजेती ठरवलं. पण गॅरो पळत आली तेव्हा पानांचा मुकुट दुसरीच्या डोक्यावर होता. तो क्षण तिला कोणी परत दिला?

आणि जाता जाता, ती मॅरेथॉन नव्हती. ४२.१९५ किलोमीटरला मॅरेथॉन म्हणतात. २१ची अर्धी. फ्लेक्सवर ‘मॅरेथॉनवीर’ लिहिणाऱ्याला दंड करावा असं माझं जुनं मत आहे. मॅरेथॉन पळाले ते बेळगावचे फडेप्पा चौगुले. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये १९वे आले, आणि त्या वर्षीचं अंतर तर ४२.७५ किलोमीटर होतं. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची अनवाणी पोरं पळताना पाहिली होती. तिथून ही मंडळी ऑलिंपिकपर्यंत पोचली. बोटीचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून कोणी भाच्याला पाठवलं नव्हतं.

आयोजकही काही साळसूद नाहीत. साताऱ्यासारख्या घाटातल्या शर्यतीची नोंदणी पटकन संपते, म्हणून लोक आधीच पैसे भरून ठेवतात. सहा महिन्यांनी पाठ धरेल की लग्न निघेल, हे कोणाला माहीत? पैसे परत नाहीत, नाव बदलून मिळत नाही. पहाटे पाचला डीजे लावून अख्खी वस्ती उठवायला मात्र सगळे तत्पर. महिनाभर आधीपर्यंत नाव बदलायची सोय ठेवली तर निम्मे मामा आपोआप सुधारतील. उरलेल्या निम्म्यांचं मी काय करणार?

हे सगळं मी तात्यांना सांगत होतो. तात्या क्लबातले जुने, विलिंग्डन कॉलेजात माझ्याबरोबर होते. शांतपणे बुटाची नाडी बांधत म्हणाले, ‘‘आणि तुम्ही ओ? मला मलेरिया झालेला तेव्हा माझ्या पासवर मिरजेला पिक्चरला कोण जात होतं?’’

आठवलं. एसटीचा विद्यार्थी पास, त्यावर तात्यांचा काळा-पांढरा फोटो. कंडक्टर जवळ आला की पास असा धरायचा की अंगठा बरोबर तोंडावर यावा. अंगठ्याच्या बाजूने दिसायचे ते तात्यांचे कान, आणि ते माझ्यापेक्षा बरेच मोठे.

‘‘मी काही नंबर काढला नव्हता,’’ मी म्हटलं.

‘‘नाही. पण पास नेताना काय म्हणालेला सांगू? पैसे भरलेत, दिवस वाया कशाला घालवायचे.’’

नाडी बांधून तात्या शंभर फुटी रस्त्याच्या दिशेने पळत सुटले. येत्या रविवारी त्यांची मॅरेथॉन आहे म्हणे. दहा किलोमीटरची.