बाजेएवढी जागा

गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठच्या एका गावात एक शेतकरी राहत होता. पाच एकर काळी जमीन, घरात बायबल, खिशात तंबाखूची डबी आणि धाकट्या भावाशी सहा वर्षांचा अबोला. अबोला बांधावरून. आमच्याकडे तो आणखी कशावरून असणार!

एका साली उपवासकाळ लागला तेव्हा त्याने वहीत सात संकल्प लिहिले. तंबाखू बंद. शिवी बंद. पहाटे दोन तास प्रार्थना. 40 दिवसांत अख्खं बायबल. भावाचे पाय धरायचे. उरलेले दोनही असेच. चौथ्या दिवशी डबी खिशात परत आली, पाचव्या दिवशी बायकोला शिवी गेली, आणि रविवारी तो उपासनेला फिरकलाच नाही. पाळकसाहेबांना तोंड कुठलं दाखवणार?

कुदळ घेऊन तो रानात गेला. ज्वारी निघाली होती, जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या, आणि बांधालगत कुंदा माजला होता. स्वतःवरचा सगळा राग त्याने कुंद्यावर काढला. दुपारपर्यंत अख्खी पट्टी वरून साफ झाली, तळहाताला फोड आले.

मोठी माय, म्हणजे त्याची थोरली चुलती, भाकरी घेऊन आली. तिने पायाच्या अंगठ्याने ढेकूळ उकरलं आणि खालून मुळाचं एक पांढरं कांडं ओढून काढलं.

“लेका, तू कुंदा तोडलास. काढलास कुठं? पाऊस पडला की ह्या एका कांड्याचे चार कुंदे होतेत.”

“मग काय रोज हेच करत बसू?”

“रोजच कर. पण बाजेएवढं. एका बाजेएवढी जागा हातभर खोल खंद, मुळ्या वेच, उन्हात टाक अन् घरी जा. प्रभूनं अख्खं रान एका दिसात मागितलंय का तुला?”

आपल्याला पौलाची गोष्ट फार आवडते. दमास्कसच्या वाटेवर लख्ख उजेड, आणि माणूस बदलला. पण येशूने देवाच्या राज्याला उपमा दिली ती पेरलेल्या बियाण्याची. पेरणारा झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. त्यांच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या पाच वर्षांत ताटातूट झाली, आणि नवऱ्याकडे परत आल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. ते हळूहळू गळत गेलं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो त्यातली कितीतरी पानं ह्या अर्ध्यामुर्ध्या अवस्थेचीच आहेत.

तर, दुसऱ्या दिवसापासून आमचा शेतकरी एक बाज खणू लागला. वही त्याने माळ्यावर टाकली. सकाळच्या चहानंतरची तंबाखूची चिमूट तेवढी सोडली, बाकीच्या चालूच. दोन तासांच्या प्रार्थनेऐवजी कुदळ हातात घेण्याआधी दोन वाक्यं. भाऊ पलीकडच्या रानात दिसला की तो मान फिरवायचा; आता फिरवेनासा झाला. एवढंच. आठवड्याने मान हलवली. त्यानंतर एकदा तोंडातून “सलाम” निघून गेलं, आणि भाऊ इतका दचकला की उत्तर द्यायचंच विसरला.

मधे एकदा पहिल्याच बाजेच्या जागी हिरवा कोंब वर आला. शेतकरी मटकन खाली बसला. “वाया गेलं सगळं.”

“एक आलाय,” मोठी माय म्हणाली. “तिथं किती होते?” आणि तिने खुरपं पुढे केलं.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या शनिवारी तो बांधाशी पोचला. तिथे कळलं की मुळ्या बांधाखालून सरळ पलीकडे गेल्यात. कुंद्याला बांध कळत नाही. तो कुदळ टेकवून उभा राहिला. पलीकडे जायचं तर भावाचं रान. ह्याच हातभर मातीसाठी सहा वर्षं गेली होती.

तेवढ्यात पलीकडून ढेकूळ फुटल्याचा आवाज आला. भाऊ आपल्या बाजूने खणत होता. मान वर न करता म्हणाला, “दादा, माझ्याकडं लई खोल गेलाय.”

“हातभर खंद,” हा म्हणाला. “अन् बाजेएवढंच.”

दोघांच्या मधे अजून दोन बाजांएवढी जागा होती.