गवालीक आणि घोड्याची जाहिरात

जैन आचारशास्त्रात गृहस्थाने सोडावयाच्या स्थूल, म्हणजे ढोबळ आणि परघातक, असत्यांत ‘गवालीक’ हा एक प्रकार मानला असून, गाईविषयीचे खोटे असा त्याचा शब्दार्थ असला तरी त्यात सर्व चतुष्पाद प्राणी अभिप्रेत आहेत. बाराव्या शतकातील हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’तही तो आढळतो. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास भरणाऱ्या घोडेबाजाराला, आणि त्याहूनही विक्रीच्या जाहिरातींना, ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. ‘नुकरा’ ही गुलाबी कातडीच्या पांढऱ्या घोड्याची रंगवाचक संज्ञा असताना ती जातीचे नाव म्हणून खपवली जाते, आणि चारही पाय व तोंडावरील पट्टा पांढरा असलेल्या घोड्याचे ‘पंचकल्याणी’ हे विशेषण तीनच पाय पांढरे असलेल्याला लावले तर तेही असत्यच ठरते. ही असत्ये निदान डोळ्यांनी तपासता येतात. वयही दातांवरून पडताळता येते. ‘स्वभावाने गरीब, लहान मूलही बसेल’ या वाक्याचे तसे नाही, कारण त्यातील प्रत्येक शब्द खरा असूनही तो गरीबपणा आजारातून किंवा उपासमारीतून आलेला असू शकतो, आणि मग असत्य शब्दांत न राहता ग्राहकाच्या समजुतीत राहते. वंशावळीची नोंद नसताना मिरवलेल्या ‘शुद्ध रक्ता’ला तर खोटे म्हणण्याइतकाही निश्चित अर्थ उरत नाही. शिवाय या परंपरेत सत्यव्रत अहिंसेला पूरक मानले जात असल्याने, चुकीच्या अपेक्षेने घेतलेल्या घोड्यावर पुढे पडणारा चाबूकही विक्रेत्याच्या हिशेबात धरावा लागतो.